सांस्कृतिक सापेक्षतावाद : शब्दाचा अर्थ आणि मदुरैचा अनुभव

काही शब्द प्रवचनपीठापर्यंत पोहोचेतो आपला मूळ अर्थ वाटेतच टाकून येतात. 'सापेक्षतावाद' हा त्यांपैकी एक होय. १८ एप्रिल २००५ रोजी, नव्या पोपची निवड करण्यासाठी कार्डिनल मंडळी एकांतात जाण्यापूर्वी जे मिस्साबलिदान झाले, त्यात कार्डिनल रात्झिंगर यांनी सापेक्षतावादाच्या हुकूमशाहीविषयी इशारा दिला. त्यांचा रोख सत्य असे काही नसतेच असे मानणाऱ्या वृत्तीवर होता. आमच्या उपदेशांतून मात्र तो शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला जाऊ लागला, आणि इतरांच्या रीतिभातींकडे समजुतीने पाहणे म्हणजेही सापेक्षतावाद, असा समज काही ठिकाणी पसरला.

आठ-दहा वर्षांपूर्वी सीमाभागातील एका गावी धर्मशिक्षकांचे शिबिर होते. तेथे एका वयोवृद्ध धर्मशिक्षकाने मला विचारले, "फादर, लग्नघरी हळद लावू द्यावी की नको? आधीचे फादर बंदी करीत. नंतरचे फादर स्वतःच लावून घेत. आम्ही लोकांना काय सांगायचे?" मी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेचा आधार देऊन 'लावू द्यावी' असे ठामपणे सांगितले. उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. ते कुठे अपुरे पडले हे मला त्याच गावी पुढे एका लग्नात कळले. तो प्रसंग शेवटी सांगेन. त्याआधी या शब्दाचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे, कारण तो आपल्या मिशनकार्याच्या इतिहासाशी पुष्कळच गुंतलेला आहे.

'सांस्कृतिक सापेक्षतावाद' या एका नावाखाली वस्तुतः निरनिराळ्या गोष्टी वावरतात. समाजासमाजांच्या चालीरीती व त्यांची बऱ्यावाइटाची मोजमापे भिन्न असतात, ही झाली निव्वळ वस्तुस्थिती. ती कोणी नाकारीत नाही. एखादी चाल समजून घ्यायची तर ती ज्यांची आहे त्यांच्या जीवनात तिला काय अर्थ आहे हे आधी पाहावे, तोवर निवाडा राखून ठेवावा, ही अभ्यासाची पद्धत झाली. आणि कोणत्याही संस्कृतीचा निवाडा बाहेरून करताच येत नाही, जेथे जे मान्य तेथे ते योग्यच, हा झाला सिद्धांत. यालाच नीतिशास्त्रात नैतिक सापेक्षतावाद म्हणतात. पद्धत स्वीकारली म्हणजे सिद्धांत स्वीकारलाच पाहिजे असे मुळीच नाही. वैद्य निदान होईपर्यंत औषध देत नाही, म्हणून तो रोग मानीतच नाही असे आपण म्हणत नाही. या सर्वांच्या विरुद्ध टोकाला जी वृत्ती आहे तिला अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहम समनर यांनी १९०६ च्या आपल्या 'फोकवेज' ग्रंथात 'एथ्नोसेंट्रिझम' म्हटले व तो शब्द रूढ केला. आपण तिला स्वसमूहकेंद्रितता म्हणू: आपला समूह जगाच्या मध्यभागी, आणि बाकीच्यांचे मोजमाप आपल्या गजाने.

विचार म्हणून ही गोष्ट फार जुनी आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने आपल्या तिसऱ्या ग्रंथात एक कथा दिली आहे. इराणचा सम्राट दरायस याने दरबारातील ग्रीकांना विचारले, किती धन दिले तर तुम्ही मेलेल्या बापाचे मांस खाल? ग्रीक म्हणाले, कितीही दिले तरी नाही. मग त्याने कल्लाटी नावाच्या हिंदी लोकांना बोलावले, ज्यांच्यात म्हणे तशी चाल होती, आणि विचारले, किती धन दिले तर बापाला जाळाल? ते ओरडून म्हणाले, असे अभद्र बोलूही नये. ही कथा सापेक्षतावादाचा पहिला दाखला म्हणून सर्वत्र उद्धृत होते. पण ती कोठे येते ते सहसा कोणी सांगत नाही. इजिप्तच्या देवळांची व मूर्तींची विटंबना करणाऱ्या कँबिसिस राजाचा वेडेपणा दाखवताना हिरोडोटस ती सांगतो. दुसऱ्याला जे पवित्र वाटते त्याची टवाळी करणारा शहाणा असू शकत नाही, एवढेच त्याला म्हणायचे आहे. सत्यच नाही असे तो म्हणत नाही.

आता मदुरैकडे वळू.

रोमच्या सरदार घराण्यातला रॉबर्टो द नोबिली हा येशूसंघीय धर्मगुरू २० मे १६०५ रोजी गोव्यास उतरला. त्या वेळी साष्टीत इंग्रज येशूसंघीय थॉमस स्टीफन्स काम करीत होते. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' पुढे १६१६ साली राशोल येथे छापले गेले. ओवीचा छंद आणि स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द योजण्यात स्टीफन्सना संकोच वाटला नव्हता. नोबिली १६०६ च्या अखेरीस मदुरैला गेला. तेथे गोन्सालो फर्नांडिस नावाचे पोर्तुगीज धर्मगुरू दशकभर निष्ठेने राबत होते, पण शहरातील एकही माणूस त्यांना मिळाला नव्हता. कारण शोधू जाता नोबिलीला ते एका शब्दात सापडले: 'परंगी'. हा आपल्या 'फिरंगी'चाच तमिळ भाऊ. परंगी म्हणजे गोमांस खाणारा, दारू पिणारा, आंघोळ न करणारा. आणि स्नानसंस्काराच्या वेळी उमेदवाराला दुभाष्यामार्फत जो प्रश्न विचारला जाई, त्याचा अर्थ 'परंगींच्या कुळात येऊ इच्छितोस काय?' असा होई. ख्रिस्ताचा म्हणून जो प्रश्न विचारला जात होता, तो प्रत्यक्षात पोर्तुगालचा होता.

नोबिलीने भगवी वस्त्रे, खडावा, दंड व कमंडलू धारण केले, मांसाहार सोडला, तमिळ शिकला आणि शिवधर्म नावाच्या ब्राह्मण पंडिताकडून संस्कृत आत्मसात केले. शिवधर्माने १६०९ साली स्नानसंस्कार स्वीकारला. धर्मांतरितांनी जानवे, शेंडी, कपाळीचे चंदन व स्नान ठेवावे की टाकावे, या प्रश्नावर १६१० पासून वाद पेटला. फर्नांडिस यांनीच वरिष्ठांकडे तक्रार केली. ते दुष्ट नव्हते; त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते की हा तरुण इटालियन ख्रिस्ती श्रद्धा मूर्तिपूजेच्या हाती देत आहे. वाद गोव्यात गेला, रोमला गेला, आणि १६१९ साली आर्चबिशप क्रिस्तोव्हाँव द सा यांच्या अध्यक्षतेखाली गोव्यात सभा भरली. बहुमत नोबिलीच्या विरुद्ध गेले. मौज अशी की धर्मन्यायासनाच्या, म्हणजे इन्क्विझिशनच्या, एका न्यायाधीशाने मात्र त्याची बाजू घेतली. अखेर ३१ जानेवारी १६२३ रोजी पोप १५ वे ग्रेगरी यांनी या चिन्हांना काही अटींवर मान्यता दिली.

नोबिलीचा युक्तिवाद नीट पाहण्यासारखा आहे. 'ब्राह्मणांना जे योग्य वाटते ते योग्यच' असे त्याने कोठेही म्हटले नाही; पुनर्जन्माच्या कल्पनेवर तर त्याने कडाडून टीका केली. त्याचा मुद्दा वेगळा होता. जानव्यासारखे चिन्ह देवपूजेचे आहे की सामाजिक दर्जाचे, हे गोव्यात बसून ठरवता येणार नाही. ज्यांचे ते चिन्ह आहे त्यांच्या ग्रंथांतून आणि तोंडूनच ते ठरले पाहिजे. म्हणून त्याने धर्मशास्त्रातील उतारे काढले, विद्वान ब्राह्मणांच्या सह्यांनिशी साक्षी गोळा केल्या, आणि १६१३ साली लॅटिनमध्ये या चालीरीतींवर सविस्तर निबंध लिहिला. त्यात तो रोमन साम्राज्याचाही दाखला देतो: ख्रिस्तसभेने तेथील लोकांचा पोशाख व प्रथा टाकून दिल्या नाहीत, त्यांना नवा अर्थ दिला. ज्या अभ्यासपद्धतीला विसाव्या शतकात सांस्कृतिक सापेक्षता हे नाव मिळाले, ती येथे तीनशे वर्षे आधी, एका धर्मगुरूच्या हातून, सुवार्तेच्या कामासाठी वापरलेली दिसते.

पण येथेच थांबलो तर आपण नोबिलीची केवळ आरती ओवाळली असे होईल. सेमिनरीत मी विद्यार्थी असताना त्याचे चरित्र आम्हांला असेच शिकवले गेले. एक प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही, मलाही सुचला नाही. जानव्याचा अर्थ काय, हे नोबिलीने कोणाला विचारले? जे जानवे घालीत होते त्यांना. त्यांनी सांगितले की ते कुळाचे व विद्येचे चिन्ह आहे, आणि ते खरेच होते. मदुरैच्या वेशीबाहेर राहणाऱ्या परैयर माणसाला विचारले असते तर त्यानेही अर्थ सांगितला असता. तो अर्थ 'येथून दूर हो' असा असता. तोही तितकाच खरा होता, आणि तोही त्याच संस्कृतीतला होता. उच्चवर्णीयांत मान राहावा म्हणून संन्यासी मिशनऱ्यांना खालच्या मानल्या गेलेल्या जातींपासून अंतर राखावे लागे. मग त्या जातींसाठी १६४० पासून 'पंडारस्वामी' म्हणून वेगळे धर्मगुरू नेमले गेले. एका वेदीचे सेवक दोन प्रकारचे झाले. मानववंशशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी पुढे ज्या प्रक्रियेला 'संस्कृतीकरण' म्हटले, तिचीच ही ख्रिस्ती आवृत्ती म्हणावी लागेल.

पुढची घटना इतिहासाचा विपर्यास म्हणावी अशी आहे. १७०३ च्या नोव्हेंबरात पोपचे प्रतिनिधी शार्ल द तुर्नों हे पाँडिचेरीला उतरले. त्यांना येथील भाषा येत नव्हती. मुक्कामात ते बहुतेक काळ आजारी होते. मदुरैला ते गेलेच नाहीत. दोन मिशनऱ्यांकडून ऐकलेल्या माहितीवर त्यांनी १७०४ साली सोळा कलमांचा हुकूम काढला. स्नानसंस्कारातील थुंकीचा विधी येथील लोकांना किळसवाणा वाटतो म्हणून मिशनरी तो गाळीत. तुर्नोंनी तो सक्तीचा केला. स्वसमूहकेंद्रिततेचा याहून ठळक नमुना सापडणे कठीण. पण त्याच हुकुमात आणखी एक कलम आहे: आजारी परैयर ख्रिस्ती व्यक्तीला साक्रामेंत देण्यासाठी धर्मगुरूने तिच्या घरात गेलेच पाहिजे, तिला बाहेर आणवू नये. शंभर वर्षे तेथे राहून, भाषा शिकून, ग्रंथ वाचून विद्वान मिशनऱ्यांना जे खुपेनासे झाले होते, ते आठ महिन्यांच्या परक्या पाहुण्याला खुपले. समजून घेण्याची पद्धत त्याच्याजवळ नव्हती, आणि म्हणून त्याच्या हुकुमाने पुष्कळ नुकसान केले. तरी त्या एका कलमात न्याय त्याच्या बाजूला होता. हे मान्य करणे मला जड गेले. पोप १४ वे बेनेडिक्ट यांनी १२ सप्टेंबर १७४४ रोजी हा वाद एका आज्ञापत्राने मिटवला, आणि मिशनऱ्यांना त्याच्या पालनाची शपथ घ्यावी लागू लागली. भारतात ही शपथ १९४० सालापर्यंत चालू होती. चीनमध्ये पूर्वजांना वंदन करण्याच्या प्रथेवरील तशीच बंदी १९३९ साली शिथिल झाली.

गोव्यात तर विचारपूस करण्याचाही प्रश्न उरला नव्हता. १७३६ साली धर्मन्यायासनाने जे फर्मान काढले त्यात लग्नातील हळद, विड्याची पाने, ओव्या व गाणी, अंगणातील तुळस, एकादशीचा उपवास, पुरुषांचे धोतर, बायकांची चोळी अशी एकेक गोष्ट नोंदून निषिद्ध ठरवली. कोणत्या गोष्टीत पूजा आहे, कोणत्यात निव्वळ आनंद आणि कोणत्यात उन्हाळ्याची सोय, याचा विवेक त्या यादीत नाही. (आज गोव्याच्या जुन्या चालीरीतींचा अभ्यास करणाऱ्याला हीच यादी उपयोगी पडते, हा काळाने घेतलेला सूड म्हणायचा.) १६५९ सालीच रोमच्या धर्मप्रसार मंडळाने पूर्वेकडे जाणाऱ्या धर्मगुरूंना बजावले होते की फ्रान्स, स्पेन वा इटली उचलून चीनला नेऊ नका, श्रद्धा न्या. ती सूचना गोव्याच्या त्या न्यायासनापर्यंत पोहोचली असावी असे दिसत नाही.

सापेक्षतेला आधुनिक शास्त्रात स्थान मिळवून देणारे फ्रान्झ बोआस हे मूळचे जर्मन, शिक्षणाने पदार्थवैज्ञानिक. १८८३-८४ मध्ये ते बॅफिन बेटावर इनुइट लोकांत राहिले. १८८७ साली अमेरिकेतील 'सायन्स' नियतकालिकात त्यांचा ओटिस मेसन यांच्याशी वाद झाला. वाद दिसायला किरकोळ होता: संग्रहालयातील वस्तू कशा मांडाव्यात? मेसन सर्व जमातींचे खुळखुळे एका कपाटात, सर्व धनुष्ये दुसऱ्यात, साध्यापासून प्रगतापर्यंत ओळीने मांडीत. बोआस म्हणाले, खुळखुळा एकीकडे मुलाला रमवण्यासाठी असेल, दुसरीकडे तो भुताखेतांना बोलावण्यासाठी किंवा पळवण्यासाठी वाजवला जात असेल. ज्या लोकांचा तो आहे त्यांच्यापासून तोडला तर कपाटात उरते ती निव्वळ आवाज करणारी वस्तू. १७३६ च्या फर्मानातील हळद आणि मेसन यांच्या कपाटातील खुळखुळा यांची जात एकच.

त्याच १८८७ साली, त्याच अमेरिकेत, फिलाडेल्फियाहून पंडिता रमाबाईंचे 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक निघाले. रमाबाई आणि बोआस दोघांचाही जन्म १८५८ चा. दोघांची भेट झाल्याचे मला ठाऊक नाही, पण या दोन लेखनकृती शेजारी ठेवून वाचाव्यात असे मला नेहमी वाटते. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तेथे त्यांनी शाकाहार सोडला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असे त्यांनी आपल्या गुरुभगिनींना रोखठोक विचारले. इंग्रजी संस्कृती म्हणजे ख्रिस्त नव्हे, हे त्यांना पुरते ठाऊक होते. तरीही आपल्या समाजातील बालविवाह व विधवांची दैना यांवर त्यांनी जो निवाडा दिला, त्यात 'आमच्याकडे असेच असते' या सबबीला जागा नाही. तो निवाडा बाहेरचा नव्हता. संस्कृत शास्त्रे मुखोद्गत असलेल्या आणि स्वतः वैधव्य भोगलेल्या बाईचा तो निवाडा होता. तिलाही संस्कृतीचा आवाज म्हणायचे की नाही?

हाच प्रश्न १९४७ साली जागतिक पातळीवर आला. संयुक्त राष्ट्रसंघ मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार करीत असता अमेरिकन मानववंशशास्त्र संघटनेने एक निवेदन पाठवले. ते मुख्यतः बोआस यांचे शिष्य मेलव्हिल हर्स्कोव्हिट्स यांनी लिहिले होते. मूल्ये त्या त्या संस्कृतीशी सापेक्ष असतात, तेव्हा एका संस्कृतीतून निघालेले मापदंड सर्व मानवजातीला कसे लावणार, असा त्याचा आशय होता. वसाहतवादाच्या अहंकाराविरुद्ध ते बोलत होते, आणि तेवढ्यापुरते ते योग्यच होते. पण पद्धत येथे सिद्धांत होऊन बसली. दुसऱ्याच वर्षी ज्युलियन स्टुअर्ड यांनी त्यातली अडचण दाखवली: एक तर सर्वच सहन करा, नाही तर असहिष्णुतेशी सर्वत्र लढा, दोन्ही एकदम साधणार नाही.

वाद चालू असताना मानवी हक्क आयोगाच्या कामात भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी पहिल्या कलमाच्या शब्दरचनेला हरकत घेतली. 'सर्व पुरुष' असाही अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द तेथे होता. त्याजागी 'सर्व मानव' असा शब्द त्यांच्या आग्रहाने आला. बडोदे संस्थानचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या या कन्या. १९४९ साली त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. बडोद्याच्या आमच्या वाचकांना हे नाव परके नसेल. पाश्चात्त्यांचे मापदंड पौर्वात्यांवर लादले जातील अशी भीती अमेरिकेतील विद्वानांना वाटत होती, आणि पश्चिमेच्या मसुद्यातली उणीव पूर्वेकडची स्त्री दुरुस्त करीत होती. १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा संमत झाला. विरोधात एकही मत नव्हते, आठ राष्ट्रे तटस्थ राहिली. त्यांत दक्षिण आफ्रिका होती.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण आपण धर्मगुरूंनी विशेष लक्षात ठेवावे. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासंबंधीच्या आयोगाचे अध्यक्ष व्हेर्नर आयसेलेन हे मानववंशशास्त्रज्ञ, आणि बर्लिन मिशनच्या मिशनऱ्याचे पुत्र होते. कृष्णवर्णीय बुद्धीने हीन आहेत असे त्यांचे म्हणणे नव्हते. प्रत्येक लोकसमूहाची संस्कृती स्वतंत्र, ती तशीच जपली पाहिजे, असे ते म्हणत. या विचाराच्या पायावर १९५३ चा बांटू शिक्षण कायदा उभा राहिला, आणि लक्षावधी मुले 'त्यांच्या संस्कृतीला साजेशा' हलक्या शिक्षणात कोंडली गेली. त्यांच्या आईबापांना विचारले कोणी? अमेरिकन संघटनेने पुढे १९९९ साली मानवी हक्कांना पाठिंबा देणारा नवा ठराव करून १९४७ ची भूमिका सोडली.

आपल्या ख्रिस्तसभेतील घडामोडी वाचकांना ठाऊक आहेत, थोडक्यात सांगतो. महासभेने १९६५ साली संस्कृतीविषयी व मिशनकार्याविषयी नवी दृष्टी दिली. येशूसंघाचे श्रेष्ठी पेद्रो आरुपे यांनी १९७८ साली 'इन्कल्चरेशन'वर पत्र लिहिले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ साली धर्मशिक्षणावरील पत्रात तो शब्द वापरला. सुवार्ता एखाद्या संस्कृतीत रुजते तेव्हा त्या संस्कृतीलाही शुद्ध करते, असे या सर्व लेखनात सांगितले आहे. आम्ही बहुधा अर्धेच ऐकले. आरती, समई, रांगोळी आली. कोणाच्या हातची रांगोळी, हे विचारायचे राहिले.

आता ते लग्न. आदल्या सायंकाळी मी हळदीला गेलो. मंडपात पाट मांडला होता, सवाष्णी एकामागून एक नवऱ्या मुलाला हळद लावीत होत्या, गाणी चालली होती. मुलाची आई दिसेना. स्वयंपाकघराच्या दारात ती उभी होती. सकाळपासून जात्यावर हळद तिनेच दळली होती, हात मनगटापर्यंत पिवळे होते. नवरा जाऊन तिला सहा वर्षे झाली होती. मी म्हणालो, "आई, तुम्ही नाही लावणार?" ती हसली आणि पदर सावरून आत गेली. जवळच्या एका मावशींनी मला समजावले, "फादर, तशी रीत नाही आपली." मला शिबिरातले माझे उत्तर आठवले. हळदीला होकार देताना मी हळदीविषयी बोललो होतो. या बाईविषयी बोललोच नव्हतो. वयोवृद्ध धर्मशिक्षक माझ्या शेजारीच बसले होते. ते उठून आत गेले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आत काय बोलणे झाले ते मला कळले नाही. त्या सायंकाळी तिने हळद लावली नाही. दुसऱ्या दिवशी चर्चच्या दारात, मुलगा मिस्साला आत जाताना, तिने एक बोट त्याच्या कपाळाला लावले.

पुढच्या शिबिरात आम्ही तोच विषय पुन्हा घेतला. आपल्या गावातील लग्न, बारसे, मयत व सणांच्या वेळी कोण पुढे असते, कोण मागे उभे असते आणि कोणाला बोलावलेच जात नाही, याची यादी धर्मशिक्षकांनीच आपापल्या गावापुरती केली. सायंकाळपर्यंत ती वहीची नऊ पाने झाली. पहिल्या पानावर त्या वयोवृद्ध धर्मशिक्षकांनी आपल्या थोरल्या बहिणीचे नाव लिहिले होते.